अडवणारं माणूस

दोर ओढून ओढून आरोहीच्या तळहातांची आग व्हायला लागली, तरी पाण्याखालचं जे काही होतं ते वर यायचं नाव घेत नव्हतं. गेल्या आठवड्यात तिने स्वतःच्या हातांनी सोडलेलं यंत्र होतं ते. थर्मासएवढं. मुळशी धरणाच्या पाण्यात आठवडाभर बसून ते एवढं जड कसं झालं, तिला कळेना. तिने एक पाय जांभळीच्या मुळाला टेकवला, दातओठ खाल्ले आणि सगळं बळ लावून हिसका दिला.

वर आली ती हिरव्या बांबूंची मोळी. दगड बांधलेली, बुळबुळीत, चांगली जाडजूड मोळी.

"ओ मॅडम… कळक पाहिजे होता तर मागायचा ना. असा भरदिवसा कशाला चोरायचा?"

आरोहीने मान वळवली. बांधावर एक जण उभा होता. डोक्यावर प्लॅस्टिकच्या पोत्याची खोळ, हातात कोयता, आणि कोयत्याशी अजिबात न जुळणारं हसू.

"हा दोर माझा आहे," ती म्हणाली.

"असेल. जांभळ आमची हाय."

"म्हणून माझ्या दोराला तुमचे बांबू बांधायचे?"

"आता बघा," तो खाली उतरत म्हणाला, "नवाकोरा नायलॉनचा दोर, माझ्या झाडाला बांधलेला, एक टोक पाण्यात सोडलेलं. माणसानं काय समजायचं? मला वाटलं, देव पावला."

खरं तर चूक दोघांचीही होती, किंवा कुणाचीच नव्हती. त्याच्या शेडचे वासे पावसात मोडले होते. भर पावसात कळक तोडावा लागला, आणि अवेळी तोडलेल्या कळकाला भुंगा लागतो, वर्षभरात त्याचा भुसा होतो. तो लागू नये म्हणून कळक दगड बांधून पाण्यात मुरत घालायचा. त्याचे आजोबा याच जांभळीखाली घालत, वडील घालत, आता हा घालत होता. कुणी पुण्याची बाई येऊन त्याच जागी देवमाशांचे आवाज टिपणारं यंत्र बुडवून जाईल, हे त्यांच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नसतं.

आरोही तिथेच चिखलात बसली. भांडायचं तिच्या मनात होतं, पण भांडायला अंगात जीव लागतो. भुरभुर पाऊस पडत होता. ती नुसतीच त्या मोळीकडे बघत राहिली. तसं त्याचं हसू उतरलं.

"मॅडम… काही फुटलं का?"

"माहीत नाही."

"मग बघू की. उठा. मी सोडवतो."

तो गुडघाभर पाण्यात शिरला. मोळीत अडकलेलं यंत्र त्याने इतक्या हळू मोकळं केलं, की झोपलेलं मूल उचलताना बाईमाणूस तेवढी काळजी घेईल. तेव्हा पहिल्यांदा आरोहीने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिशी ओलांडलेला, उन्हाने रापलेला, कपाळावर भिजलेले केस. डोळे मात्र थकलेले. थकलेल्याला थकलेला लगेच ओळखू येतो.

"मी इंद्रजित," यंत्र तिच्या हातात देत तो म्हणाला. "ते वरचं घर आमचं. आईनं चहा टाकला असेल. येताय?"

ती गेली. तिच्या संस्थेची जीप तिला घ्यायला चारला यायची होती, आणि पाऊस काही सांगून थांबत नव्हता.

*

सारजाबाईंनी, म्हणजे इंद्रजितच्या आईने, आधी आरोहीच्या हातात टॉवेल दिला, मग चहा दिला आणि त्यानंतर तिच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत असं बघून घेतलं, की बाजारात गाय घेणारासुद्धा लाजेल. तोंडाने मात्र चकार शब्द नाही.

आरोहीने लॅपटॉप उघडला, यंत्रातलं रेकॉर्डिंग लावलं. आठवडाभराचं धरणाचं पाणी त्यात होतं. आणि पाण्यापेक्षा जास्त होतं ते — टक… टक… टक टक… दगड बांधलेले कळक एकमेकांवर आपटत होते.

"वाया गेलं," ती म्हणाली.

"सगळं?" इंद्रजितने विचारलं.

"सगळं. हे यंत्र डिसेंबरात दक्षिणेकडच्या बर्फाच्या समुद्रात सोडायचंय. ते स्वतः किती आवाज करतं, ते आधी शांत पाण्यात तपासावं लागतं. म्हणून इथे आणलं. इथे शांत असतं असं सगळे म्हणाले होते."

"शांत?" तो हसला. "शनिवार-रविवारी या तुम्ही. समोरच्या काठावर स्पीकर लावून पुणं नाचत असतं. त्यातले निम्मे माझ्याच भाड्याच्या तंबूंत राहतात. मी आधी हिंजवडीत कंपनीत होतो, तिथं साहेबांची उठाठेव. आता इथं पाहुण्यांची उठाठेव. फरक एवढाच, की इथं रात्रीचं ओकलेलं सकाळी मलाच धुवायला लागतं."

हे तो तक्रार म्हणून सांगत नव्हता. आरोहीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून तिचं तिलाच जरा चमकायला झालं.

"देवमासा ऐकवाल का?" त्याने एकदम विचारलं.

तिने हेडफोन त्याच्याकडे दिला आणि निळ्या देवमाशाचं रेकॉर्डिंग लावलं. माणसाच्या कानाला तो आवाज नुसता ऐकू येत नाही, फार खालचा असतो, म्हणून वेग वाढवून ऐकावा लागतो. इंद्रजितने डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. आरोहीला वाटलं, आता हाही म्हणणार, किती सुंदर, किती गूढ. सगळे तेच म्हणत.

"हल्या रेकतोय," तो म्हणाला.

"काय?"

"आमचा रेडा, हल्या. म्हशीला बाजारात नेलं होतं तेव्हा असाच दोन दिवस रेकत होता. आई, ऐक."

सारजाबाईंनी पदर सावरून हेडफोन कानाला लावला. "आगं बया… पोटात दुखतंय का त्याच्या?"

"नाही हो," आरोही म्हणाली. "तो बोलावतोय."

"कुणाला?"

"कुणाला तरी. दुसरा देवमासा फार लांब असतो. कधी कधी शेकडो मैल. उत्तर येतं की नाही, आम्हाला पुष्कळदा कळत पण नाही."

सारजाबाईंनी हेडफोन काढला, घडी घातल्यासारखा मांडीवर ठेवला. "लई वाईट," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी टाकायला आत गेल्या.

जीप आली तेव्हा इंद्रजित दारापर्यंत आला. "परत तपासायला लागेल ना? या. ह्या वेळी माझ्या होडीतून आत सोडू, काठापासून लांब. आठवड्याच्या मधल्या वारी पाहुणे नसतात. आणि… कळक मी दुसरीकडं हलवतो."

"आजोबांपासूनची जागा ना तुमची?"

"असू दे की. आजोबा काय बघायला येतायत." मग जरा थांबून, "म्हणजे पितरपाठ चालू आहे, येतील पण. त्यांना सांगतो मी समजावून."

*

आरोहीबद्दल आता थोडं सांगायला हवं. नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली, जगाच्या टोकाला जाऊन आलेली मुलगी, आणि रडं कसलं एवढं.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, तसंच बर्फाचंही असतं. लोकांना फोटो दिसतो: लाल जाकीट, पाठीमागे पांढरंशुभ्र, एक भलीमोठी शेपटी पाण्यावर. फोटोत उलट्या दिसत नाहीत. बोटीच्या डेकवर चार-चार तास दुर्बीण डोळ्याला लावून उभं राहायचं आणि वहीत लिहायचं, काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. डिझेलचा वास केसांतून जात नाही. रात्र होत नाही म्हणून झोप लागत नाही. अशा तीन मोहिमा आरोहीने केल्या होत्या. तिन्ही तिने मनापासून केल्या, यात शंका नाही. देवमाशांवर तिचा जीव होता. पण जीव असला म्हणून माणूस दमत नाही असं थोडंच आहे?

बावधनमध्ये तिच्या आई-बाबांच्या सोसायटीत तिचा सत्कार झाला होता. बाबा लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत, आमची आरोही पुन्हा जाणार. सगळ्यांनी मिळून तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, आणि आता तिला खाली उतरायचं होतं तर शिडी कुणी ठेवली नव्हती.

त्यातून मागच्या खेपेची गोष्ट. ती बर्फात असताना बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तिला कुणी कळवलं नाही. बोटीवरून फोन लागायचा तेव्हा आई म्हणायची, सगळं छान आहे, तू तुझ्या कामाकडे लक्ष दे. विमानतळावर बाबा अर्धे होऊन उभे होते. "डाएट केलंय," म्हणाले. शर्टाच्या वरच्या उघड्या बटणापाशी टाक्यांचा वण दिसत होता.

सगळ्यांनी तिच्या भल्यासाठी केलं. तिला ते कळत होतं. पण तेव्हापासून तिच्या मनात एक गोष्ट रुतून बसली, की आपण नसलो तरी सगळ्यांचं सगळं पार पडतं. आपल्याला कुणी परत बोलावत नाही. कुणी कधी अडवलंही नाही. लहानपणापासून जा म्हणाले, शाबास म्हणाले, आणि ती जात राहिली.

आता पुढच्या मोहिमेसाठी महिनाअखेरपर्यंत नाव कळवायचं होतं. संस्थेतल्या कल्पना मॅडम रोज विचारत, आरोही, नक्की ना? आणि आरोही म्हणे, हो… बघते… सांगते.

*

तर ती मुळशीला येत राहिली. यंत्र होडीतून पाण्यात सोडलं, दोन दिवसांनी काढलं, परत सोडलं. खरं सांगायचं तर एकदा सोडून भागलं असतं. पण इंद्रजितने एकदा म्हटलं, "वाऱ्यामुळं लाटा होत्या, परत घेतलेलं बरं," आणि आरोहीने लगेच मान डोलावली. लाटा कसल्या, पाण्यावर साय धरावी इतकं निवांत होतं सगळं.

होडीत ते फार बोलत नसत. समोरच्या डोंगरावरून ढग खाली उतरत, पाण्याला टेकत, परत वर जात. इंद्रजित वल्हं थांबवून बसे. त्याला कसलीच घाई नसे, आणि तिला कसलं उत्तर द्यावं लागत नसे. पहिल्यांदाच कुणाबरोबर तरी गप्प बसून आपल्याला विसावा वाटतोय, हे आरोहीच्या लक्षात आलं, आणि तिला जरा भीतीच वाटली.

"तुम्ही थंडीत काय खाता तिथं?" तो कधीतरी मध्येच विचारे.

"डाळभात."

"बर्फात जाऊन डाळभात?"

"मग काय, देवमासा खाऊ?"

"नाही… म्हणजे इंद्रायणीचा असता तर गोष्ट वेगळी. आमचा देतो बांधून."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्हालाही माझ्याबरोबर बांधून देणार का?" तिच्या तोंडून निघून गेलं, आणि मग दोघंही आपापल्या बाजूच्या पाण्याकडे बघत बसले. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या. पुढल्या फेरीला 'तुम्ही' गळून पडलं होतं. आधी कुणाचं गळलं, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

सारजाबाई ओट्यावरून सगळं बघत होत्या. पोराची गाडी कशी भलत्याच वेळी पौडला जाते, येताना शहरातल्या पोरी खातात ती बिस्किटं कशी येतात, सगळं. पण पितरपाठाच्या पंधरवड्यात शुभ विषय काढायचा नसतो, म्हणून माउलीने तोंडात मिठाची गुळणी धरली होती. "अमावस्या हुंद्या," त्या म्हशीला वैरण टाकता टाकता म्हणत. बिचाऱ्या म्हशीला काही कळत नसे.

आणि मग एके दिवशी होडीतच आरोहीने विषय काढला. "मला नाव कळवायचंय. परत जायचं की नाही ते."

इंद्रजितने वल्हं पाण्यातून काढलं. थेंब पडत राहिले.

"जायचंच की," तो म्हणाला. "विचार कसला करायचा त्यात?"

"चार-पाच महिने लागतात."

"लागू दे की. असं काम कितीजणांना मिळतं?"

"आणि इथलं…"

"इथलं काय पळून चाललंय? तू जा."

एवढ्या सहज म्हणाला तो. तिने त्याच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का पाहिलं, तर तो होडी वळवत होता. पुढच्या वेळी तिने पुन्हा विचारलं, जरा वेगळ्या तऱ्हेने, आणि उत्तर तेच आलं, आणखी ठासून. त्याच्या पुढच्या वेळी तर कहर झाला. त्याने पौडच्या बाजारातून लोकरीची कानटोपी आणली होती. तपकिरी, हनुवटीखाली बटण असलेली.

"तिकडं उपयोगी पडेल," तो म्हणाला.

"छान आहे," आरोही म्हणाली. तिने ती मांडीवर ठेवली आणि परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. हाही तसलाच निघाला, तिच्या मनात आलं. मलाच काय ते वेड लागलं होतं.

*

इंद्रजितच्या आजोबांचं पित्तर होतं त्या दिवशी सारजाबाईंनी तिला मुद्दाम जेवायला बोलावलं. यंत्राचं काम संपलं होतं, त्यामुळे हीच शेवटची फेरी, असं आरोहीने मनाशी ठरवलं होतं. जायचं, जेवायचं, नमस्कार करायचा आणि संध्याकाळी कल्पना मॅडमना हो सांगून टाकायचं. अडवायला होतं कोण?

घोटावड्याहून इंद्रजितची थोरली बहीण शुभांगी आली होती. गोल चेहऱ्याची, तोंडाने फटकळ. खीर, वडे, गवार-भोपळ्याची भाजी, कढी, असा सगळा स्वयंपाक झाल्यावर इंद्रजित कावळ्याला पान ठेवायला बाहेर गेला, तेवढ्यात शुभांगीने आरोहीला अळूवड्या तळायला शेजारी बसवलं.

"तर तू बर्फातली," शुभांगी म्हणाली.

"हो."

"आणि आमचा येडा तुला जा जा म्हणतोय."

आरोहीचा झारा थांबला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आईनं. होडीतलं बोलणं काठावर येतं गं, पाणी असतं मधी. आईचे कान असे हायेत, की तुझ्या यंत्राची गरज न्हाई." शुभांगीने वडी उलटली. "तो कुणालाच नको जाऊ म्हणत न्हाई. त्याचं कारण मी."

"तुम्ही?"

"मला नर्सिंगला नागपूरला लागलं होतं. सगळे म्हणाले, जा. बापानं बॅग आणली. आणि हा, दहावीतला घोडा, एस्टी स्टँडवर माझा हात धरून रडला. ताई, नको जाऊ. लोक बघायला लागले. मी न्हाई गेले. पुढं घोटावड्याचं स्थळ आलं, लग्न झालं. तवापासून मी त्याला प्रत्येक सणाला ऐकवते, तू नसता रडला तर आज मी सिस्टर असते. त्यानं कानाला खडा लावलाय. आता कुणी जायला निघालं की हा पुढं होऊन दार उघडतो."

"तुम्हाला अजून वाईट वाटतं?" आरोहीने विचारलं.

शुभांगीने दाराकडे नजर टाकली. इंद्रजित लांब होता, कावळ्याला काव काव करून बोलावत होता. आवाज एकदम खाली आणून ती म्हणाली, "खरं सांगू का? मला जायचंच नव्हतं. मी सहा महिने वाट बघत होते, कुणीतरी नको जाऊ म्हणंल. आईला वाटलं पोरीचं भलं होतंय, बापाला वाटलं नाव होतंय. एक ह्यो म्हणाला. माझ्यासाठी चारचौघांत रडणारा तेवढा एकच निघाला." तिने डोळ्यांना पदर लावला, मग तळणाच्या धुराला शिवी घातली. "पण हे त्याला सांगू नकोस हां. दर वर्षी माझ्या भाताची झोडणी तोच करून देतो. अपराधी वाटतं ना त्याला. हे कळलं तर माझा गडी गेला."

आरोही हसली. हसता हसता तिचं हसू कुठेतरी अडकलं. तिने झारा शुभांगीच्या हातात दिला. "एक फोन करून येते," ती म्हणाली.

गोठ्यामागे फोनला रेंज येई. तिथे उभं राहून तिने कल्पना मॅडमना फोन लावला. कारणं तयार ठेवली होती: बाबांची तब्येत, डेटाचं काम, सगळं. पण मॅडमनी हॅलो म्हटलं आणि तिच्या तोंडून निघालं, "मॅडम, मी दमलेय. या वर्षी मला नाही जमणार."

मॅडम म्हणाल्या, "बरं झालं बाई सांगितलंस. मागच्या खेपेला उतरलीस तेव्हाच तुझा चेहरा पाहून मला वाटलं होतं. पण तूच हो-हो करत होतीस. राहा. पुढच्या वर्षी बघू."

एवढंच होतं ते. आरोही फोन हातात धरून म्हशीशेजारी उभी राहिली. वर्षभर मानेवर घेतलेलं जू असं दोन वाक्यांत उतरलं होतं, आणि मान मात्र अजून वाकलेलीच होती.

*

जेवणं झाल्यावर इंद्रजित काठाला गेला होता. होडीत साठलेलं पावसाचं पाणी तो डब्याने उपसत होता. ऊन पडलं होतं, त्या उन्हातच बारीक पाऊसही पडत होता. आरोही चिखलातून उतरत होडीपाशी आली.

"मी नाही जाणार या वर्षी," ती म्हणाली.

डबा मध्येच थांबला. इंद्रजितचा चेहरा उजळला नाही, उलट उतरला. "का? माझ्यामुळं?"

"नाही."

"हे बघ आरोही, माझ्यामुळं असेल तर—"

"नाही म्हटलं ना. दमलेय म्हणून. मॅडमना आत्ताच सांगितलं. त्यांनी हो म्हटलं. तुझा काही संबंध नाही त्यात."

"नक्की?"

"नक्की."

त्याने मोठा श्वास सोडला आणि परत पाणी उपसायला लागला. "मग ठीक. विश्रांती घे. चांगलंय."

आरोही हलली नाही. "आता तू म्हण."

"काय?"

"नको जाऊ."

त्याने वर पाहिलं. "पण तू जातच नाहीस."

"म्हणूनच तर. आता म्हणायला तुझं काय जातंय? माझं ठरून गेलंय. तुझ्या शब्दाने माझं काही अडणार नाही की बिघडणार नाही. तरीपण मला ऐकायचंय."

"मी… तसं कुणाला म्हणत नाही."

"माहितीये."

"ताईनं सांगितलं?"

"थोडं."

तो डबा हातात फिरवत राहिला. मग अगदी हळू, पाण्याकडे बघत, म्हणाला, "नको जाऊ."

"पाण्याला सांगतोयस की मला?"

इंद्रजितने डबा खाली ठेवला. तिच्याकडे पाहिलं, आणि एकदा पाहिल्यावर मग त्याला थांबता आलं नाही. "नको जाऊ, आरोही. मी तुला तोंडानं जा जा म्हणत होतो आणि मला घरी घास गिळत नव्हता. कानटोपी घेताना दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? मला सांगता येईना. काय सांगू? कोण हाय तू माझी? चार महिने तू तिकडं, फोन लागणार न्हाई, बोट कुटं हाय ते कळणार न्हाई, आणि मी हितं लोकांचे तंबू झाडत बसणार. मला न्हाई जमायचं ते. तू नको जाऊ."

शहरातली सगळी भाषा त्याच्या तोंडातून गळून गेली होती, हे त्याला कळलंही नाही. आरोहीला कळलं. तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत, कारण पावसात कुणाला काय दिसणार होतं. तिचा त्याच्यावर जीव जडला होता, आणि आता ते नाकारायची तिला काही गरज उरली नव्हती.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "फार. आणि पुढच्या वर्षी मी जाणार आहे."

"हं," तो म्हणाला. चेहरा मात्र असा, की सुपारी म्हणून चावावं आणि खडा निघावा.

"त्याच्या पुढच्या वर्षीही, कदाचित."

"हं."

"दर वेळी तू असंच म्हणायचं. मी ऐकणार नाही. मी जाणारच. पण तू म्हणायचं सोडायचं नाहीस. घरी, स्टँडवर, विमानतळावर, लोक बघत असले तरी. मी आत जाईपर्यंत म्हणायचं."

"हे काय लगीन झाल्यावर पण?" तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून त्याने जीभ चावली.

"तेव्हा तर जास्तच," आरोही म्हणाली.

त्याने तिला होडीत यायला हात दिला. तिचा हात हातात आल्यावर त्याला तो सोडायचं सुचलं नाही, आणि तिने आठवण करून दिली नाही. होडी जराशी हलली, काठाला लागली, परत स्थिर झाली.

"आणि समजा," तो विचार करत म्हणाला, "एखाद्या वर्षी मी म्हणालो, आणि तू ऐकलंस तर?"

"तर समज, मी दमलेय," ती म्हणाली. "मग काही विचारू नकोस. नुसतं शेजारी बसू दे."

इंद्रजित फळीवर जरा सरकला. ती त्याच्या शेजारी बसली, त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.